वाचक विचारतात: मॅग्नेशियमच्या गोळीने वाफा थांबतील का?

प्रश्न: मॅडम, नमस्कार. मी पलूस तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४९. घरचंच किराणा दुकान आहे, दिवसभर गल्ल्यावर मीच असते. गणपतीनंतर पाळी आलेली नाही आणि तेव्हापासून अंगातून वाफा येतात. छातीतून वर चढतं, कानशिलं तापतात, तोंड लाल होतं आणि घाम फुटतो. समोर गिऱ्हाईक असलं की फार लाज वाटते, हिशोब चुकतो. आता संक्रांत होऊन गेली तरी रात्री वाकळ फेकून उठून बसते. मग झोप नाही. पोटऱ्यांत वांब येतात. जाऊबाई म्हणतात, हे कुणाला चुकत नाही, वर्षभरात जाईल.

मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिने ऑनलाइन मॅग्नेशियम ग्लायसिनेट मागवून दिलं. बाटलीवर १००० मि.ग्रॅ. लिहिलंय. पहिले पंधरा दिवस फरक वाटला, आता पुन्हा तसंच. मला थायरॉइडची गोळी आहे, बीपीची आहे आणि पित्ताची गोळी दोन-तीन वर्षं रोज चालू आहे. विसरायला नको म्हणून सगळ्या सकाळी चहाबरोबर एकदम घेते. मागच्या महिन्यात टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणून थायरॉइडची गोळी ७५ची १०० केली. मॅग्नेशियम चालू ठेवू का? १००० जास्त तर होत नाही ना? हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो असं ऐकलंय, म्हणून त्या वाटेला गेलेले नाही.

उत्तर: ताई, तुम्ही सगळं इतकं नीट लिहिलंत म्हणून बरं झालं, कारण सगळ्या गोळ्या सकाळी चहाबरोबर एकदम घेता ही गोष्ट बहुतेक बायका सांगतच नाहीत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण ते उद्या सकाळपासून बदलता येईल.

थायरॉइडच्या गोळीला रिकामं पोट आणि नुसतं पाणी लागतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यासोबत पोटात गेली की ती आतड्यातच अडकते आणि रक्तात पुरती उतरत नाही. चहानेही तेच थोडंफार होतं. पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होतं, तेही तिच्या विरोधातच जातं. थायरॉइडची गोळी कमी पडली की टीएसएचचा आकडा वर जातो. त्यामुळे तुमचं टीएसएच वाढलं ते आजार वाढला म्हणूनच असं मी धरून चालणार नाही. मॅग्नेशियम सुरू झालं आणि त्यानंतर टीएसएच वर गेलं, हा क्रम तुमच्या डॉक्टरांना सांगितला होता का? बहुधा नसेल. ऑनलाइन आलेली बाटली आपण औषधात धरतच नाही, त्यामुळे ती डॉक्टरांसमोर येत नाही.

तेव्हा उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. मॅग्नेशियम घ्यायचंच असेल तर मध्ये किमान चार तास जाऊ द्यायचे, म्हणजे सरळ रात्री जेवणानंतर. यात एक धोका आहे, तो आधीच सांगून ठेवते. गोळी आता नीट उतरू लागली तर १००ची मात्रा तुम्हाला जास्त होऊ शकते. जास्त झाली की छाती धडधडते, घाम येतो, झोप उडते, म्हणजे तुम्ही ज्याला पाळी जाण्याचा त्रास म्हणताय हुबेहूब तसंच. म्हणून वेळ बदलल्याचं डॉक्टरांना कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्या. मध्येच धडधड वाढली तर तेवढंही थांबू नका.

आता वाफा. आपल्या शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूत असतं. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन कमी होऊ लागलं की ते केंद्र फार हळवं होतं. एरवी ज्या थोड्याशा उष्णतेची त्याने दखलही घेतली नसती, तेवढ्यानेही ते कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घाम सोडतं. गल्ल्यावर बसल्या बसल्या होतं ते हेच. यात तुमचं मन कमकुवत असण्याचा काही संबंध नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही. जाऊबाईंचं वर्षभराचं गणित मात्र बरोबर नाही. अमेरिकेत बायकांच्या एका मोठ्या गटाचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला, तेव्हा निम्म्या जणींचा त्रास सात वर्षांहून जास्त चालल्याचं दिसलं. एवढा काळ सोसत बसायला कुणी कुणाला सांगू नये.

मॅग्नेशियमने वाफा थांबतात हे कुठून आलं, तेही सांगते. २०११ साली अमेरिकेत स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या अवघ्या २९ बायकांना मॅग्नेशियम ऑक्साइड देऊन पाहिलं आणि वाफा बऱ्याच कमी झाल्या. ही बातमी खूप फिरली. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून पुढे तसाच त्रास असलेल्या २८९ बायका घेऊन मोठा प्रयोग झाला, काहींना मॅग्नेशियम आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. २०१५ साली त्याचा निकाल छापून आला. दोन्ही गटांत वाफा कमी झाल्या होत्या आणि मॅग्नेशियमवाल्यांना जास्तीचा फायदा नव्हता. जुलाब मात्र त्यांना जास्त झाले. तुम्हाला पहिले पंधरा दिवस वाटलेला फरक खोटा नव्हता, ताई. वाफांवर कुठलीही गोळी सुरू केली की काही दिवस बऱ्याच जणींना बरं वाटतं, शिवाय वाफा आपल्या आपणही कमी-जास्त होत राहतात. या त्रासावरच्या बिनहार्मोनच्या उपायांचा नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ साली आढावा घेतला, त्यातही वाफांसाठी पूरक गोळ्यांची शिफारस केलेली नाही.

झोपेचं थोडं वेगळं आहे. साठीच्या आसपासच्या आणि पुढच्या लोकांवर झालेले तीन लहान प्रयोग २०२१ साली एकत्र तपासले गेले, सगळे मिळून १५१ माणसं. मॅग्नेशियम घेणाऱ्यांना झोप साधारण सतरा मिनिटं लवकर लागली, पण हा पुरावा कच्चा आहे असं तपासणाऱ्यांनीच लिहून ठेवलं. तुमची झोप तर लागल्यावर वाफेने मोडते, तिला ही सतरा मिनिटं काय करणार? वांबांबद्दल कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०२०चा आढावा सांगतो की वाढत्या वयात येणाऱ्या वांबांना मॅग्नेशियमने फारसा गुण येत नाही. बद्धकोष्ठ असेल तर पोट साफ व्हायला ते कामाला येतं, एवढं मात्र खरं.

मग तुम्हाला मॅग्नेशियम नकोच का? तुमच्या बाबतीत त्याचा विचार करायला एक खरं कारण आहे, ते म्हणजे पित्ताची गोळी. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या जातीची गोळी वर्षाहून जास्त काळ रोज घेतली तर काही जणांचं मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली तसा इशाराच दिला होता. बीपीच्या गोळीचं नावही बघा. शेवटी 'एच' असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध असतं, तेही मॅग्नेशियम बाहेर टाकतं. हात-पाय मुंगावणं, वांब, धडधड असं असेल तर रक्तातलं मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. शरीरातलं बहुतेक मॅग्नेशियम हाडांत आणि स्नायूंत असतं, रक्तात जेमतेम एक टक्का. त्यामुळे रिपोर्ट कमी आला तर तो गंभीरपणे घ्यायचा, पण नॉर्मल आला म्हणजे शरीरात भरपूर साठा आहे असंही नाही. पित्ताची गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नका, पित्त उसळून येतं. ती अजून लागते का, हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सांगलीत माझ्याकडे येणाऱ्या किती तरी बायका एकदा चार दिवसांसाठी दिलेली ही गोळी मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं घेत असतात, आणि ती कशासाठी सुरू झाली होती हे त्यांना आठवतही नाही.

तुमचा १०००चा प्रश्न. बाटलीवर पुष्कळदा ग्लायसिनेट या पूर्ण क्षाराचं वजन लिहिलेलं असतं. त्यात खरं मॅग्नेशियम साधारण १४ टक्के, म्हणजे १००० मिलिग्रॅममागे १४० च्या आसपास. मागच्या बारीक अक्षरांत 'एलिमेंटल' असा शब्द शोधा, खरा आकडा त्याच्यापुढे असतो. गोळ्यांतून दिवसाला ३५०पर्यंत ही अमेरिकेतली मर्यादा, युरोपात २५०च. म्हणजे बाटलीवर तो आकडा १४०च्या आसपास असेल तर तुमची मात्रा जास्त नाही. क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर आणलेली बाटली रात्रीच्या जेवणानंतर घेऊन संपवा. वाफांसाठी म्हणून दुसरी मागवू नका.

आपल्या देशाच्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला ३७० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम लागतं आणि ते तुमच्याच दुकानातल्या पोत्यांत आहे. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १३० मि.ग्रॅ. असतं, पॉलिश केलेल्या तांदळात विसाच्या आसपास. शाळूच्या दोन भाकऱ्यांना सव्वाशे ग्रॅम पीठ धरलं तरी जवळजवळ निम्मी गरज तिथेच भागली. त्यावर शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, एखाद्या रात्री हुलग्याचं माडगं, मधूनमधून राजगिरा. आपल्या भागात अलीकडे भाकरी मागे पडून रात्री नुसता भात झालाय, ते मला मनापासून खटकतं. जेवणातून आलेल्या मॅग्नेशियमची, मूत्रपिंडं ठीक असतील तर, भीती नसते.

आता ज्या वाटेला तुम्ही गेला नाहीत, तिच्याबद्दल. वाफांवर आज सगळ्यांत गुणकारी उपचार हार्मोनचाच आहे. कॅन्सरची भीती २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही घेणाऱ्यांत दर वर्षी १०,००० बायकांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले. धोका आहे, पण गावोगावी पसरलेल्या भीतीएवढा नाही. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर निरोगी बाईला फायदा सहसा धोक्याहून जास्त होतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा अंगावरून रक्त जाण्याचं कारण कळलेलं नसेल, तर हार्मोन द्यायचे नाहीत. तुमच्या बाबतीत आधी बीपी आटोक्यात हवं आणि स्तनांची तपासणी व्हायला हवी. कातडीवाटे घेण्याच्या इस्ट्रोजेनच्या जेलमध्ये गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, तेही विचारा. तुमची गर्भपिशवी जागेवर असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं. हार्मोन नकोच असतील तर व्हेनलाफॅक्सिन हे मुळात नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत, किंवा रात्रीच्या वाफांसाठी गॅबापेंटिन, अशी औषधं आहेत. त्यांनी वाफा खरोखर कमी होतात. नैराश्याची गोळी दिली म्हणून मनाला लावून घेऊ नका, ती इथे वाफांसाठी दिलेली असते.

तुमची पाळी थांबून अजून वर्ष झालेलं नाही, तेव्हा ती मध्येच एखादी येऊ शकते. पूर्ण वर्ष कोरडं गेल्यावर मात्र नुसता डाग दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ती बाटली एका पिशवीत घालून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. खासगीत परवडत नसेल तर सांगलीच्या सिव्हिलची ओपीडी आहे. मुलीला सुट्टी असेल त्या दिवशी तिला बरोबर न्या. तिने काळजीने बाटली धाडली, आता खोलीत शेजारी बसून डॉक्टर काय सांगतात तेही तिला ऐकू द्या.

प्रश्न: माझी आई ५४ वर्षांची आहे, कऱ्हाडला आमच्याकडेच असते. तिला बारा वर्षं मधुमेह आहे, मागच्या तपासणीत क्रिएटिनिन २.१ आलं. वाफा आणि झोप न येणं यासाठी शेजारच्या काकूंनी मॅग्नेशियम सुचवलं. देऊ का?

उत्तर: नाही, देऊ नका. जास्तीचं मॅग्नेशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती मंदावली की ते रक्तात साठत जातं, आणि क्रिएटिनिन २.१ म्हणजे आईंची मूत्रपिंडं मंदावलेली आहेत. मग मळमळ, खूप गळल्यासारखं होणं, बीपी उतरणं, नाडी मंद होणं इथपासून प्रकरण जिवावर बेतेपर्यंत जाऊ शकतं. पित्तावरच्या पांढऱ्या पातळ औषधांत आणि पोट साफ करायच्या काही औषधांतही मॅग्नेशियम असतं, तेव्हा आईंच्या कपाटातल्या बाटल्या एकदा वाचून घ्या. रात्री घाम येतो तेव्हा लगेच साखर मोजा. मूत्रपिंडं कमी काम करत असतील तर इन्सुलिनचा आणि काही गोळ्यांचा असर लांबतो आणि साखर उतरून घाम फुटतो. ती ७०च्या खाली असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि दुसऱ्या दिवशी मधुमेहाच्या डॉक्टरांना आकडे दाखवा. साखर ठीक असेल तर वाफांवर उपचार त्यांनाही मिळू शकतो, फक्त औषध आणि मात्रा क्रिएटिनिन बघूनच ठरेल.