आयुष्यभराची वाळू आणि दामदुप्पट पॉलिसी

पत्र पुण्याजवळून आलंय. लिहिणाऱ्या ताई ४२ वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी आयटीतली नोकरी सोडून शहराबाहेर भाड्याच्या जागेत कुत्र्यांचं बोर्डिंग सुरू केलं. रोज सरासरी १२ कुत्री असतात. १,२०० चौरस फुटांवर कृत्रिम हिरवळ आहे आणि तिला वास मारतोय, म्हणून पात्यांच्या मुळाशी भरतात ते इन्फिल बदलायचंय. तीन कोटेशनं आली आहेत: साधी सिलिका वाळू १४ हजार, झिओलाइट (वास शोषणारं खनिज) ५४ हजार आणि लेप दिलेली, ‘आयुष्यभर वास येणार नाही’वाली वाळू १ लाख ३५ हजार. ताई विचारतात, “एकदाच खर्च करून मोकळं व्हावं का?”

ताई, मोकळं होता येत नाही. १२ कुत्री म्हणजे दिवसाला पाच-सहा लिटर मूत, महिन्याला दीडशेच्या वर. त्यातल्या युरियाचा जीवाणू अमोनिया करतात, नाकाला झोंबतो तो हा. लेप फार तर वाळूच्या कणावर जीवाणू वाढू देणार नाही. पात्यांवर आणि तळाला साचलेल्या केसांच्या गाळात ते सुखाने नांदतात. झिओलाइट अमोनियम धरून ठेवतं हे खरं, पण त्याचीही जागा संपते. मग मिठाच्या पाण्याने धुऊन ती रिकामी करावी लागते, आणि हे पुन्हा पुन्हा.

शिवाय तुमचा भाडेकरार ११ महिन्यांचा आहे! मालकाने उद्या जागा मागितली तर ती आयुष्यभराची वाळू काय पोत्यात भरून न्याल?

वाळूचं पुढे बघू. मला खटकला तो पत्राचा शेवट. तुम्ही सहज लिहून गेलात: “पुढच्या महिन्यात गॅरंटीड पॉलिसीचा तिसरा हप्ता, २ लाख, आहे. त्यासाठी १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घेतेय, म्हणून टर्फचा वरचेवर खर्च नको.”

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

पॉलिसी अशी: वर्षाला २ लाख, १० वर्षं, आणि विसाव्या वर्षाअखेर ४० लाख. बँकेतल्या माणसाने “दामदुप्पट, म्हणजे वर्षाला १० टक्के” असं सांगितलं. त्याने हप्ते संपल्यानंतरची १० वर्षंच मोजली. आधीची १० वर्षं तुमचे पैसे काय बिनपगारी रजेवर होते? पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११, सरासरी साडेपंधरा. तेवढ्यात दुप्पट. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की साधारण व्याजदर कळतो. ७२ ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्क्यांच्या आसपास येतं. साडेचार टक्के मिळवायला तुम्ही चौदा टक्क्यांनी कर्ज काढताय. लोन ४ वर्षांचं धरलं तरी २ लाखांवर साधारण ६० हजार व्याज जाईल. चौथ्या हप्त्याला काय करणार, दुसरं लोन?

“आता थांबले तर ४ लाख बुडतील,” असंही तुम्ही लिहिलंय. ते ४ लाख गेले ते गेलेच. आता प्रश्न उरलेल्या १६ लाखांचा आहे. तिसरा हप्ता भरू नका. पण रागाच्या भरात लगेच सरेंडरही करू नका, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे परत मागू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केलं तर किती मिळतील, आणि पॉलिसी पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवली, तर शेवटी किती. दुसऱ्या वर्षात सरेंडरला भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजारांच्या आसपास धरा. पेड-अपमध्ये रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते. शेवटचा आकडा ८ लाखांच्या जवळ असेल आणि आज पैशांची नड नसेल, तर पेड-अप ठेवलेली बरी. त्याहून बराच कमी असेल तर मोडा. आकडे बँकेतल्या त्या माणसाच्या तोंडून नकोत, कंपनीच्या लेटरहेडवर हवेत.

आणखी एक. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही गेला. त्याच्या जागी काय घेतलंत, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. दिवसभर कुत्र्यांत वावरणारी बाई, घरात शाळकरी मुलगा, आणि विम्याचा पत्ता नाही! हप्त्याचे जे २ लाख तुम्ही कुठून तरी उभे करणार होतात, त्यातला छोटा भाग आधी इकडे वळवा: दोघांचा मिळून आरोग्य विमा आणि तुमच्या नावे एक साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा स्वस्त आयुर्विमा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. ‘शेवटी हप्ते परत’वाला टर्म प्लॅन कुणी पुढे केला, तर चहा पाजून वाटेला लावा.

आता वाळू. काही विकत घेण्याआधी हिरवळीवर एक बादली पाणी ओता आणि घड्याळ बघा. मिनिटभरानेही डबकं दिसत असेल तर खालची भोकं गाळाने बुजलीत. तिथे सोन्याची वाळू भरलीत तरी वास येणारच. आधी जुनं इन्फिल उपसून तळ धुऊन घ्या. मग गोल कणांची, धुतलेली सिलिका घाला. बांधकामाची वाळू नको, तिचा बारीक चुरा भोकांत बसतो. चौरस फुटाला पाऊण किलो धरलं तर ९०० किलो लागेल. झिओलाइट फक्त कुंपणाच्या कडेला आणि खांबांभोवती घाला, नर तिथेच पाय वर करतात. पाव भाग झिओलाइट, बाकी सिलिका: साडेतेरा अधिक साडेदहा, २४ हजारांत काम होतं. वाचलेल्या लाखभरातून जोराचं पाणी मारणारा पंप घ्या. विष्ठा लगेच उचला, कडा रोज धुवा, आठवड्याला एन्झाइमचा फवारा मारा. झिओलाइटला मिठाचं पाणी दिलंत की मागून साध्या पाण्याने धुवा, नाहीतर कुत्री मीठ चाटत बसतील.

काळं रबराचं इन्फिल कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, उन्हात ते सिलिकापेक्षा जास्त तापतं. एप्रिलच्या दुपारी हिरवळीवर हाताची पालथी बाजू ठेवून सातपर्यंत मोजा. मोजता आलं नाही, तर कुत्र्यांना सावलीत ठेवा.

हप्त्याची तारीख कळवली नाहीत. ग्रेसचे, म्हणजे तारखेनंतर मिळणाऱ्या सवलतीचे, ३० दिवस धरूनही वेळ थोडाच आहे, तेव्हा कंपनीला ईमेल आजच टाका.