परदेशी वकिलातीत स्थानिक कर्मचारी म्हणून लागल्यावर प्रशिक्षण कोण देतं, कुठं देतं आणि बाँड घेतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी शिवाजी विद्यापीठाची एम.कॉम. आहे, मुंबईतल्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये लेखा विभागात स्थानिक कर्मचारी म्हणून तिची निवड झाली आहे. पत्रात प्रशिक्षणाचा मोघम उल्लेख आहे. आणि गल्लीत कुणीतरी सांगितलंय की सहा महिने अमेरिकेला नेतात, पाच वर्षांचा बाँड लिहून घेतात आणि परत आल्यावर पगार दुप्पट होतो. मी याच प्रकारच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सहा महिने अमेरिका हे आधी डोक्यातून काढा. व्हर्जिनियात आर्लिंग्टनला अमेरिकी परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आहे, १९४७ पासूनची. तिथं महिनोन्महिने बसतात ते अमेरिकी अधिकारी, बहुतेक करून भाषा शिकायला. स्थानिक कर्मचाऱ्यांनाही तिचे अभ्यासक्रम खुले असतात, पण त्यांचा बहुतांश भाग आपल्याच टेबलावर, संगणकावर होतो. त्यानंतर नंबर लागतो दिल्लीच्या दूतावासातल्या चार-पाच दिवसांच्या वर्गाचा किंवा बँकॉक, फ्रँकफर्टसारख्या प्रादेशिक केंद्राचा. प्रत्यक्ष आर्लिंग्टनला जाणं होतं, पण ते आठवड्या-दोन आठवड्यांचं, आणि पहिल्या वर्षात सहसा नाहीच.

आपल्याकडं जिल्हा परिषदेत किंवा महसुलात माणूस लागला की वरून पत्र येतं, अमुक तारखेला पुण्याला यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत हजर व्हा. वकिलातीत असं पत्र आपोआप येत नाही. तिथं प्रशिक्षण माणसाला नव्हे, पदाला जोडलेलं असतं, आणि ते मागावं लागतं. योग्य महिन्यात, लेखी. गप्प राहून काम करणाऱ्या हुशार मुली इथंच मागं पडतात.

पदाला जोडलेलं म्हणजे काय? रुजू होतानाच तिनं 'पोझिशन डिस्क्रिप्शन' या कागदाची प्रत मागून घ्यावी. पदाची कामं, कोणतं काम किती टक्के वेळ, आणि शेवटी पात्रता असं त्यात असतं. पात्रतेत शिक्षण, अनुभव, भाषा यांच्या रांगेत 'पोस्ट एंट्री ट्रेनिंग' नावाचा एक रकाना असतो. पद मिळाल्यावर कोणतं प्रशिक्षण घ्यायचं ते तिथं लिहिलेलं असतं. व्हाउचर तपासणाऱ्याच्या पदाला साधारणपणे लेखाप्रणाली, प्रवासखर्चाचे नियम, देयक तपासणी असं काहीतरी. या रकान्यात नाव असलेला अभ्यासक्रम वरिष्ठांना 'सध्या गरज नाही' म्हणून टाळता येत नाही, कारण त्याशिवाय पदाची पात्रताच पूर्ण होत नाही. रकाना कोरा किंवा मोघम असला तर मात्र प्रत्येक वर्ग 'जादा' ठरतो आणि पैसे कमी पडले की पहिली काट त्याच्यावर बसते. पदाच्या कागदाची फेरतपासणी अधूनमधून होते, तेव्हा त्या ओळी घालून घ्यायच्या. मला विचाराल तर हा एक रकाना सगळ्या धोरणपुस्तिकेपेक्षा मोलाचा आहे.

पत्रात एक गोष्ट अजून बघा: नेमणूक पूर्ण श्रेणीवर आहे की 'ट्रेनी' किंवा 'डेव्हलपमेंटल' श्रेणीवर. उमेदवार पदाच्या सगळ्या अटींत बसत नसेल तर खालच्या श्रेणीवर घेतात आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेलं प्रशिक्षण पुरं झालं, काम समाधानकारक वाटलं की पूर्ण श्रेणी देतात. अशी नेमणूक असेल तर लेखी प्रशिक्षण आराखडा पहिल्या महिन्यातच हातात पाहिजे. मुदत संपत आली आणि एक वर्ग राहिला, की श्रेणी अडकते.

आता प्रत्यक्ष काय शिकवतात. सक्तीच्या गोष्टी आधी. सायबर सुरक्षेचा छोटा ऑनलाइन वर्ग दरवर्षी करावा लागतो. तारीख उलटली की संगणकाचं खातं बंद होतं आणि ते चालू करून घेण्यात एखादा दिवस वाया जातो. त्याशिवाय आचारसंहिता, भेटवस्तूंचे नियम, छळप्रतिबंध, आग आणि बॉम्बच्या धमकीची कवायत. हे सगळ्यांनाच.

मग कामानुसार. चालकाचं उदाहरण घ्या, कारण त्यात धोरण अगदी स्वच्छ दिसतं. सरकारी गाडी हातात देण्याआधी सुरक्षित वाहनचालनाचं प्रशिक्षण, दर दोन वर्षांनी उजळणी, शिवाय वैद्यकीय तपासणी. अमेरिकी वकिलातींत 'स्मिथ सिस्टिम' शिकवतात: नजर लांबवर ठेवा, चहूबाजूचं भान ठेवा, डोळे फिरते ठेवा, निसटायला जागा ठेवा, समोरच्याला तुम्ही दिसताय याची खात्री करा. शिकवणारा बहुतेकदा स्थानिक कर्मचारीच असतो, ज्याला आधी प्रशिक्षक म्हणून तयार केलेलं असतं. खरेदी विभागात खरेदी-कार्ड मिळण्याआधी त्याचा अभ्यासक्रम करावा लागतो. कंत्राटावर देखरेख करणाऱ्याला साधारण ४० तासांचा अभ्यासक्रम असतो आणि प्रमाणपत्र टिकवायला पुढंही तास भरावे लागतात.

लेखा विभागात मुलीला पहिला धक्का पुस्तकी सवयीचा बसेल. आपण कॉलेजात शिकतो उपार्जित पद्धत, म्हणजे पैसे हातात येण्या-जाण्याची वाट न बघता व्यवहाराची नोंद करायची. सरकारी पैशात केंद्रस्थानी असतं 'ऑब्लिगेशन', म्हणजे ऑर्डर दिली त्याच क्षणी तेवढी रक्कम त्या वर्षाच्या तरतुदीतून बांधून ठेवायची. एका वर्षाचे पैसे सहसा दुसऱ्या वर्षाच्या गरजेला वापरता येत नाहीत, आणि तरतुदीपेक्षा जास्त बांधणं हा अमेरिकी कायद्याचा भंग आहे. देयक तपासताना तीन कागद जुळवायचे: खरेदी आदेश, माल किंवा सेवा मिळाल्याची पोच, आणि बिल. नवी मुलं पोच नसताना बिल पुढं सरकवतात, कारण पुरवठादार फोनवर फोन करत असतो. तीस दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे हे खरं, पण ते तीस दिवस योग्य बिल येणं आणि माल स्वीकारणं यांतलं जे नंतर होईल त्यापासून मोजले जातात. चुकीचं बिल असेल तर ते लगेच कारणासह परत पाठवायचं, टेबलावर ठेवायचं नाही.

रोखपाल व्हायचं असेल तर प्रशिक्षण आणखी कडक. परराष्ट्र खात्याचं आर्थिक सेवा केंद्र साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला आहे आणि बँकॉकलाही त्याचं कार्यालय आहे. रोखपालांची देखरेख आणि शिकवणी त्याच यंत्रणेतून होते. इथं एक व्यावहारिक अडचण नेहमी येते. रोखपाल वर्गाला जाणार म्हणजे पर्यायी रोखपाल आधी रीतसर नेमलेला आणि शिकलेला पाहिजे, रोकड दोघांच्या समोर मोजून, ताळमेळ घालून, सही घेऊन सुपूर्द झाली पाहिजे. पर्यायी माणूस नसेल तर मंजूर झालेलं प्रशिक्षणही ऐनवेळी रद्द होतं. म्हणून तिनं अर्जातच लिहावं की माझ्या जागी या काळात कोण.

आणि एक गोष्ट अमेरिकेतला कुठलाच वर्ग शिकवणार नाही: आपला जीएसटी. दूतावासांना जीएसटीआयएन, म्हणजे व्यापाऱ्यांना मिळतो तो जीएसटी नोंदणी क्रमांक, नसतो, युनिक आयडेंटिटी नंबर, म्हणजे यूआयएन असतो. खरेदीवर भरलेला कर परत मिळवायला जीएसटीआर-११ हे विवरण आणि आरएफडी-१० हा परताव्याचा अर्ज करावा लागतो. पुरवठादारानं बिलावर यूआयएन टाकला नाही किंवा एखादा आकडा चुकवला, की परतावा अडकतो. बिल स्वीकारतानाच तो पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक बोट ठेवून तपासायचा. हे शिकायचं शेजारच्या टेबलावरच्या जुन्या माणसाकडून. अशा माणसाबरोबर आठवड्यातून दोन तास बसण्याची सोय लेखी आराखड्यात 'ऑन द जॉब' म्हणून नोंदवून घेता येते. पैसा लागत नाही, म्हणून सहसा कुणी नाही म्हणत नाही.

पैशाचं गणित. प्रशिक्षणाचा खर्च कार्यालय करतं, पण कोणत्या खिशातून, यावर बरंच अवलंबून आहे. लेखा, मनुष्यबळ, खरेदी, गाड्या असे सामाईक विभाग वेगवेगळ्या अमेरिकी खात्यांनी वर्गणी काढून चालवलेल्या निधीतून चालतात. त्याला 'आयकॅस' म्हणतात. व्हिसा विभागाचा खर्च मुख्यतः अर्जदारांनी भरलेल्या शुल्कातून येतो, त्यामुळं तिथं प्रशिक्षणाला हात जरा सैल असतो. तुमच्या मुलीचं पद आयकॅसमध्ये बसण्याची शक्यता जास्त, तेव्हा व्हिसा विभागातल्या मैत्रिणीला बँकॉक मिळालं आणि हिला नाही, यात हिचा काही दोष नसेल.

अमेरिकी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. नवं अंदाजपत्रक वेळेत मंजूर झालं नाही तर तात्पुरत्या तरतुदीवर काम चालतं आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात प्रवासाच्या मागण्या थंडावतात. म्हणून पुढच्या वर्षाची यादी मे-जूनमध्येच द्यायची. याला दुसरंही कारण आहे. अमेरिकी वरिष्ठ दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि बदल्या होतात उन्हाळ्यात. जुन्या साहेबानं तोंडी दिलेला शब्द त्याच्याबरोबरच विमानात बसतो. 'इंडिव्हिज्युअल डेव्हलपमेंट प्लॅन'वर, म्हणजे तिच्या वैयक्तिक प्रशिक्षण आराखड्यावर, त्याची सही घेऊन ठेवली तर नव्या माणसासमोर ठेवायला कागद राहतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कधी कधी शिल्लक पैसा उरतो. ज्याच्या अर्जात अभ्यासक्रमाचा क्रमांक, तारखा, अंदाजे खर्च आणि बदली माणूस हे सगळं आधीच भरलेलं असतं, त्याचाच अर्ज त्या घाईत उचलला जातो.

बाँड. पाच वर्षांचा सरसकट बाँड असा प्रकार नाही. अमेरिकेच्या १९५८ सालच्या सरकारी कर्मचारी प्रशिक्षण कायद्यातून आलेलं एक सूत्र मात्र माहीत हवं: ठरावीक मुदतीहून लांब प्रशिक्षण दिलं तर त्याच्या किमान तिप्पट काळ सेवा, आणि स्वेच्छेनं आधी सोडल्यास खर्चाची परतफेड. एक महिन्याचं असेल तर तीन महिने, इतकं ते साधं आहे. स्थानिक कर्मचाऱ्याला ते कसं लावलंय हे तिच्या पत्रावर आणि कार्यालयाच्या स्थानिक धोरणावर ठरतं. सही करण्याआधी तीन गोष्टी वाचायच्या: मोजणी कोणत्या दिवसापासून, परतफेडीत फक्त फी की विमानभाडंही, आणि पद रद्द झालं तर काय. नंतर वाद घालू असं म्हणू नका. परदेशी राष्ट्रावर भारतीय न्यायालयात दावा लावायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ खाली केंद्र सरकारची लेखी संमती लागते, ती वाट लांबची आहे.

पगार दुप्पट तर नाहीच, प्रशिक्षणानं थेट वाढतही नाही. श्रेणी पदाची असते. समाधानकारक कामावर श्रेणीतल्याच पायऱ्या चढत जातात. वरची श्रेणी हवी तर वरच्या रिकाम्या पदासाठी अर्ज करावा लागतो, किंवा पदाचं काम बदललं म्हणून त्याचं पुन्हा मूल्यांकन व्हावं लागतं. प्रमाणपत्रांचा उपयोग होतो तो त्या अर्जात.

दुसऱ्या देशांकडं अर्ज करणाऱ्यांसाठी एवढंच: ब्रिटन आणि कॅनडाचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला, ऑस्ट्रेलियाचं १ जुलैला, जर्मनीचं १ जानेवारीला सुरू होतं, म्हणजे मागणीचे महिनेही त्याप्रमाणं सरकतात. ब्रिटनची डिप्लोमॅटिक अकॅडमी २०१५ साली सुरू झाली, ती स्थानिक कर्मचाऱ्यांनाही खुली ठेवली होती. कॅनडाची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट १९९२ पासूनची. पदाचा कागद आणि लेखी मागणी, हे दोन्ही सगळीकडं चालतं.

प्रवासाला पाठवलं तर: निवास आणि दैनिक भत्ता मिळतो, पण जाण्याच्या आणि परतीच्या दिवशी जेवणखर्चाचा भत्ता ७५ टक्केच धरतात. हॉटेलची पावती रकमेकडं न बघता लागते, इतर खर्चात ७५ डॉलरवरच्या प्रत्येक खर्चाची. परतल्यावर पाच कामाच्या दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा. लेखा विभागातल्याच माणसाचा हिशेब उशिरा आला की सगळ्यांना दिसतो.

स्थानिक कर्मचारी जातो तो आपल्या साध्या भारतीय पासपोर्टवर. राजनैतिक पासपोर्ट मिळत नाही. व्हिसा कोणत्या प्रकारचा लागेल हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारायचं, पर्यटक व्हिसावर परस्पर जायचं नाही. मुलीचा पासपोर्ट नसेल किंवा मुदत सहा महिन्यांच्या आत आली असेल तर मुंबईला जाण्याआधीच कोल्हापूरच्या पासपोर्ट केंद्रात वेळ घ्या, फाइल पुणे कार्यालयाकडं जाते. एकदा ती मुंबईत भाड्यानं राहायला गेली की सध्याच्या पत्त्याचा आणि पोलीस पडताळणीचा नवा घोळ सुरू होतो. नाव मात्र तिन्हीकडं, म्हणजे पदवी, पासपोर्ट आणि नेमणूकपत्रावर, वडिलांच्या नावासकट एकसारखं आहे ना ते आजच बघून घ्या. आणि सुरक्षा तपासणी व वैद्यकीय होऊन अंतिम नेमणूकपत्र येईपर्यंत इथली नोकरी सोडू देऊ नका. पहिलं पत्र सशर्त असतं, आणि त्यानंतर काही आठवडे ते काही महिने लागू शकतात.