कोरियन येत नाही, तरी कोरियन-अमेरिकन कादंबरीवर डिझर्टेशन घेऊ का?

तुझं पत्र वाचलं. एमए इंग्लिशचं दुसरं वर्ष, डिझर्टेशनला कोरियन-अमेरिकन कादंबरीतली भाषा आणि आयडेंटिटी घ्यायचीये, पण कोरियन येत नाही म्हणून धाकधूक, आणि बाबा म्हणतायत त्यापेक्षा कोरियन शीक न कंपनीत लाग.

विषय घे गं, बिनधास्त घे. तू ज्यावर लिहिणारेस ती पुस्तकं मुळात इंग्रजीतच लिहिलेली आहेत, हे अमेरिकन साहित्य आहे, के-ड्रामातला कोरिया यात फारसा सापडणार नाही.

चांग-रे ली यांची 'नेटिव्ह स्पीकर' (1995) आधी वाच. त्यातला नायक हेन्री, त्याचे वडील कोरियात इंजिनिअरिंग शिकलेले आणि न्यूयॉर्कमध्ये भाजीची दुकानं चालवतात, हेन्रीची बायको स्पीच थेरपिस्ट, आणि हेन्री स्वतः पैसे घेऊन लोकांवर पाळत ठेवतो, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायचं, रिपोर्ट लिहायचा, स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. इंग्रजी त्याचं उत्तम आहे तरी बोलताना तो सतत सावध असतो आणि मला विचारशील तर तुझा अख्खा विषय त्या सावधपणातच आहे. 'आयडेंटिटी क्रायसिस' असं हेडिंग टाकून मोकळी होऊ नकोस प्लीज, एकेक प्रसंग घे, कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, कोण गप्प बसतं, का बसतं, ते लिही.

मग थेरेसा हाक क्युंग चा यांचं 'डिक्टे' (1982). अवघड आहे, कादंबरी म्हणावं का यावरही वाद घालता येईल, पण त्यात लेखिकेच्या आईची गोष्ट येते, ती मांचुरियात, म्हणजे आजच्या ईशान्य चीनमध्ये वाढलेली, जपानी राजवटीत स्वतःचीच भाषा बोलायला बंदी. म्हणजे भाषा हिरावली जाणं अमेरिकेत उतरल्यावर सुरू झालं नाही, ते आईच्या पिढीतच झालेलं होतं. नुसता अमेरिकेचा 1965 चा इमिग्रेशन कायदा, ज्याने आशियातल्या लोकांना तिथलं दार उघडलं, तो धरून सुरुवात केलीस तर हे हातातून निसटेल.

आता बाबांचं. त्यांची काळजी खरी आहे, प्राध्यापकीसाठी लागणारी नेट-सेट परीक्षा होऊनही कितीतरी जण तासिका तत्त्वावर राबतायत. त्यामुळे कोरियन शीकच, डिझर्टेशनसाठी नाही, पोटासाठी. टॉपिक (TOPIK) या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा लेव्हल असतात, पहिल्या दोनवर नोकरीची आशा धरू नकोस, पुढे जायची तयारी ठेव. रांजणगाव-तळेगावला कोरियन कंपन्या आहेत, दुभाषी लागतात. नेटचा फॉर्म मात्र याच वर्षी भर, आणि गाईडकडे जाताना विषयाचं नाव नको, एका प्रसंगावर लिहिलेली चार पानं घेऊन जा.