पाण्यातला नांगर

प्रिय मित्रा,

तुझा अनुवाद दोनदा वाचला. एका वाक्यात मूळ लेखिका आजीला घराचा ‘अँकर’ म्हणते. तू लिहिलंस, ‘आजी घराचा नांगर होती.’ कोशात हाच शब्द आहे, आणि कोकणात होडी नांगरणाऱ्या माणसाला तो खटकणारही नाही. पण आपल्या परभणी-हिंगोलीकडच्या वाचकासमोर आजी येत नाही, काळ्या रानातली नांगरट येते.

म्हणून आधी ती वस्तू नीट बघ. जहाज नुसत्या वजनाने अडकून राहत नाही. नांगराचे फाळ तळाच्या चिखलात रुततात, तेही ओढ आडवी असेल तरच. त्यासाठी पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडतात; तिचा बराच भाग तळावर पडून राहतो आणि ओढ आडवी ठेवतो. साखळी आखूड पडली, की ओढ वर जाते आणि नांगर उपटतो. नांगरलेलं जहाज थिजूनही राहत नाही. वारा फिरला, भरती आली, की ते नांगराभोवती फिरतं. मला यात आपल्या खळ्यातली मेढ, म्हणजे मधोमध रोवलेला खांब, दिसते. मळणीचे बैल तिच्याभोवती फिरत, दूर मात्र जात नसत.

फारसीत जहाजाच्या नांगराला ‘लंगर’ म्हणतात, अन्नछत्रालाही लंगरच. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरमध्ये तू जेवला आहेस. तो शब्द तुझ्या तोंडात आधीपासून आहे.

इंग्रजीत पुढे ‘अँकर’ या शब्दाला फाटे फुटले. रिलेत शेवटचा धावणारा अँकर, रस्सीखेचीत दोर अंगाला घेऊन मागे रोवून उभा राहणारा अँकर, बातम्या सांगणाराही अँकरच. कार्यक्रमाच्या अँकरला आपण मात्र ‘सूत्रसंचालक’ म्हणतो, म्हणजे तिथे वजन नाही, हातातला धागा आहे. १९७४ साली ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की आधी कानावर पडलेला आकडा पुढचा अंदाज आपल्याकडे ओढतो. त्यालाही अँकरिंगच म्हणतात. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा पहिला भाव ऐकताना तू हे अनुभवलं असशील. तिथे ‘नांगर’ लिहिशील, तर कुणाला काही कळणार नाही.

आजीच्या वाक्यासाठी मला ‘आधारवड’ नको वाटतो. तो फार वापरून गुळगुळीत झालाय, शिवाय त्यात सावली आहे, ओढ नाही. ‘आजी घराची मेढ होती’ असं करून बघ. मुहूर्तमेढ अजून सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे खळं न पाहिलेला वाचकही अडणार नाही. पुढच्या परिच्छेदात मुलं शहरात जातात आणि दर दिवाळीला परततात, तिथेही हा शब्द टिकतो का ते तपास आणि ते पान मला पाठव.

तुझा,
सर