राष्ट्रसंघ कुठे अडला?

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, जगात शांतता राखण्यासाठी राष्ट्रसंघ उभा राहिला. त्याच्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत.

अमेरिका सामील झाली असती तर संघ टिकला असता का?

अमेरिकेच्या सिनेटने दोनदा नकार दिला, याची झळ संघाला शेवटपर्यंत बसली. आपण हल्लेखोर देशाचा एखादा माल रोखला तर त्याला तो अमेरिकेकडून मिळेल, ही धास्ती कायम होती. पण सगळं खापर तिच्यावर फोडणं मला पटत नाही. ब्रिटन आणि फ्रान्स तर आतच होते.

संघाकडे सैन्यच नव्हतं, मग तो कुणाला रोखणार?

स्वतःचं सैन्य नव्हतं, पण सदस्यांनी मनावर घेतलं की ते मिळायचं. जर्मनीत जायचं की नाही, यावर संघाच्या कारभाराखालच्या सार प्रांतात जानेवारी १९३५ मध्ये सार्वमत होतं आणि वातावरण तापलेलं होतं. ब्रिटन, इटली, स्वीडन आणि नेदरलँड्सचे मिळून सुमारे ३,३०० सैनिक तिथे बंदोबस्ताला गेले आणि मतदान शांततेत पार पडलं. आजच्या शांतिसेनेची ही पूर्वज.

लहान देशांना एक न्याय आणि मोठ्यांना दुसरा, असं होतं का?

होतं, आणि ग्रीसने ते दोन्ही बाजूंनी अनुभवलं. १९२३ मध्ये ग्रीसच्या हद्दीत एका इटालियन सेनानीची हत्या झाली. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीने ग्रीसच्या कोर्फू बेटावर तोफा डागल्या, त्यात निर्वासित मेले. तरी प्रकरण संघाच्या हातून काढून बड्या देशांच्या राजदूतांकडे गेलं आणि पाच कोटी लिरांची भरपाई ग्रीसलाच द्यावी लागली. दोनच वर्षांनी ग्रीसचं सैन्य बल्गेरियात घुसलं, तेव्हा मात्र संघाने काही दिवसांत त्याला मागे फिरायला लावलं आणि ४५,००० पौंड भरायला लावले. दुसरा निकाल रास्तच होता. पहिल्या वेळी तो न्याय कुठे गेला, हा ग्रीकांचा सवालही तितकाच रास्त होता.

इटलीवर निर्बंध लादले होते ना? मग ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, का वाचला नाही?

मला सगळ्यात जास्त सलणारं प्रकरण हेच. ३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीने हल्ला केला आणि १८ नोव्हेंबरला निर्बंध लागू झाले. त्यांची यादी नीट वाचा. इटलीला काय विकायचं नाही? घोडे, खेचरं, गाढवं, उंट, रबर, कथील, लोहखनिज. तेल मात्र यादीत नाही, कोळसा नाही, पोलादही नाही. खेचराला बंदी आणि ट्रकच्या पेट्रोलला मोकळीक! ब्रिटनच्या ताब्यातला सुएझ कालवाही उघडाच राहिला. टोल भरून इटलीची सैन्याने भरलेली जहाजं त्यातून जात राहिली. हिटलरच्या धास्तीने लंडन आणि पॅरिसला मुसोलिनी आपल्या बाजूला हवा होता. डिसेंबरात दोघांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ॲबिसिनियाचा मोठा लचका त्याला देण्याचा गुप्त बेतही आखला. तो वर्तमानपत्रांत फुटला म्हणून बारगळला.

मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडलं. ३० जूनला परागंदा सम्राट हैले सेलासी जिनिव्हात आमसभेपुढे उभे राहिले, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला. त्यांना बाहेर काढेपर्यंत सम्राट शांत उभे होते. मग आपल्या अम्हारिक भाषेत त्यांनी विमानांतून फवारलेल्या विषारी वायूची हकिगत सांगितली, आणि माझ्या लोकांना मी काय उत्तर नेऊ, असं विचारलं.

त्याच जुलैत निर्बंध उठवले गेले.