पहिलं पुस्तक घेण्याआधी

चित्रकारांची मूळ छापचित्रं असलेली, मोजक्या प्रतींची पुस्तकं जमवायची म्हणता? छान छंद निवडलात! फक्त घाई नको. आधी भरपूर पुस्तकं नुसती पाहा. पुस्तक हातात आलं की शेवटचं पान उघडा. एकूण प्रती किती, ही कितवी, कागद कोणता, हे बहुधा तिथेच छापलेलं असतं. मग चित्रावर भिंग धरा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती बहुतेक ऑफसेटवरची (म्हणजे फोटोवरून यंत्रावर छापलेली) नक्कल.

नवखे फ्रेम करून विकल्या जाणाऱ्या सुट्या पानांना भुलतात. फ्रेंच चित्रकार मातिसच्या ‘जाझ’ या चित्रपुस्तकाच्या (१९४७) २५० क्रमांकित प्रती निघाल्या, शिवाय मजकुराविना, घडी न घातलेले १०० संच. म्हणजे त्यातल्या एखाद्या फ्रेममधल्या जोडपानी चित्राला मधोमध घडी असेल, तर ते पुस्तक फोडून काढलंय. मला ते बघवत नाही. असं पान घेऊ नका.

आणि पुस्तकाचं मूळ खोकं कधीही टाकू नका.