'मर्मर' म्हणजे धडधड नव्हे

प्रश्न असा आहे: 'भाच्याच्या तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी हार्ट मर्मर लिहिलंय. याला मराठीत धडधड म्हणावं, कुरकुर की घरघर?'

तिन्ही नकोत. धडधड ज्याची त्याला जाणवते, मर्मर दुसऱ्याला स्टेथोस्कोपातून ऐकू येतो. जिना चढून आल्यावर छाती धडधडते तेव्हा मर्मर असेलच असं नाही, आणि मर्मर असलेलं पोर मजेत हुंदडत असतं. कुरकुर तक्रारीची. घरघर आवाजाच्या दृष्टीने काही वेळा अगदी चपखल आहे: रुमॅटिक फीवरनंतर (हा हृदयाच्या झडपांना इजा करू शकणारा आजार) मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या नि खालच्या कप्प्यांमधली झडप, अरुंद होते, तेव्हा खालच्या पट्टीतला, जात्याच्या घरघरीसारखा आवाज येतो. पण 'घरघर लागली' हे आपण कधी म्हणतो ते आठवा. आईबापांसमोर तो शब्द नको!

'मर्मर'च ठेवा. तो इंग्रजीतून घेतल्यासारखा वाटतो खरा, पण अमरकोशात 'मर्मरः स्वनिते वस्त्रपर्णानाम्' असं आहेच, म्हणजे कापडाची नि पानांची सळसळ. लॅटिनमध्येही तोच शब्द आहे. दोन्हीकडे तो आवाजावरून घडलेला. स्टेथोस्कोपचा जनक लेनेक मात्र या आवाजाला भात्याचा आवाज म्हणायचा.

मला खटकतो तो 'त्याला मर्मर झालाय' हा प्रयोग. मर्मर हे आवाजाचं नाव आहे, आजाराचं नाही. हृदयाचा ठोका 'लब-डब' असा ऐकू येतो: 'लब' हा वरच्या कप्प्यांकडच्या दोन झडपा मिटतानाचा आवाज, 'डब' हा हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा. रक्त खळाळत गेलं की या ठोक्यांच्या अधेमधे मर्मर उमटतो. लबनंतर, डबच्या आधी आला तर महाधमनीची झडप अरुंद असेल (तो मानेकडे पसरतो) किंवा मायट्रल झडप गळत असेल (तो काखेकडे). पण लबनंतरचा मर्मर निरोगी मुलांत, तापात, रक्त कमी असताना, गरोदरपणातही ऐकू येतो. डबनंतरचा मात्र सहसा निरुपद्रवी नसतो. म्हणून भाच्याच्या कागदावर त्यापुढे काय लिहिलंय ते डॉक्टरांनाच विचारा.

मोठा मर्मर म्हणजे मोठा आजार, असंही नाही. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं लहान छिद्र पुष्कळदा मोठ्या छिद्रापेक्षा जास्त गाजतं, कारण चिंचोळ्या वाटेतून रक्त जोराने उसळतं.

आता लिंग. संस्कृतात मर्मर पुल्लिंगी, डॉक्टरही 'मर्मर ऐकू येतोय' म्हणतात. पण धडधड, सळसळ, कुरकुर या मराठीत सगळ्या 'ती', त्यामुळे कुणी 'मर्मर ऐकू येते' म्हटलं तर मी तरी दुरुस्त करणार नाही.